डोंग्याची सुट्टी: पावसाळ्याआधी घरच्या घरी काय करायचं?

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर त्याचं हे लेखी रूप. बसमध्ये वाचून होईल एवढंच आहे.

"यवतमाळ आणि नाव?" असं म्हणून पुण्यातले मित्र हसतात. राजेहो, समुद्र नसेल आपल्याकडं, पण पैनगंगेवरचं इसापूर आहे, पुसदजवळ पूस आहे, बाभूळगावकडं बेंबळा आहे, दिग्रसला अरुणावती आहे. या पाण्यावर भोई समाजाची कितीतरी घरं चालतात. आणि त्या घरांची खरी गाडी म्हणजे डोंगा.

पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ अंडी घालतात, म्हणून तेव्हा मासेमारी बंद ठेवतात. समुद्रावर ही बंदी १ जून ते ३१ जुलै असते. धरणावरच्या तारखा आपल्या मच्छीमार सोसायटीत विचारून घ्या. माणसाला सुट्टी मिळते, पण डोंग्याची परीक्षा तेव्हाच सुरू होते.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मामाचा सागवानी डोंगा काठावर उन्हात पडून होता. फळ्या वाळून आकसल्या होत्या, मधल्या फटीत नखं जात होती. मी हुशारी केली. हार्डवेअरच्या दुकानातून कडक होणारी पुट्टी आणली आणि सगळ्या फटी गच्च बुजवल्या. मामा म्हणाला, "भाचा, लाकडाला फुगायला जागा ठेव." मी ऐकलं नाही.

डोंगा पाण्यात गेला, फळ्या पाणी पिऊन फुगल्या. दगडासारखी पुट्टी काही दबेना. मग फळीनं तिला बाहेर ढकललं आणि दोन खिळेही ढिले केले. आम्ही काठापासून बरेच आत होतो. मामा वल्हं मारत होता, मी डब्यानं पाणी उपसत होतो. मला पोहता येत नाही. त्या दिवशी काठ किती लांब असतो ते कळलं.

तर, आता बरोबर पद्धत.

लाकडी डोंगा. काम पाऊस यायच्या आधी करा, कारण ओल्या लाकडावर डांबर धरत नाही. फटीतलं जुनं सैल डांबर खरवडून काढा. मग कापसाची सैलसर वात वळून फटीत हलक्या हातानं ठोका. कापूस तर आपल्या जिल्ह्याचंच पीक! तो दबतो, फुगतो, फळीसोबत जुळवून घेतो. गच्च ठासू नका. वरून डांबराचा हात द्या. डांबर तापवताना डोंग्यापासून लांब बसा आणि त्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नका, उसळून अंगावर येतं.

फायबरची नाव. तडा गेलेली जागा घासून खडबडीत करा, पूर्ण कोरडी करा, मग रेझिन आणि काचेच्या तंतूंचं कापड लावा. रेझिनसोबत हार्डनर आणि काही वेळा कोबाल्टही वेगळ्या बाटलीत मिळतं. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग दुसरं. हातमोजे आणि चष्मा हवाच, हार्डनर डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते.

पत्र्याचा डोंगा. गंज तारेच्या ब्रशनं काढा, रेड ऑक्साइड मारा, वर रंग द्या.

आता ठेवायचा कुठं? गेल्या पावसाळ्यात धरणाचं पाणी कुठवर आलं होतं, ती काडीकचऱ्याची रेघ काठावर दिसते. तिच्या बरंच वर ठेवा, नाहीतर एका रात्रीत डोंगा वाहून जाईल. उपडा घाला, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही. खाली विटा किंवा दगड द्या; मातीला टेकला की वाळवी लागलीच समजा. ताडपत्री टाकली तरी दोन्ही बाजू उघड्या ठेवा. हवा खेळली नाही तर लाकूड कुजतं. आणि दोरानं झाडाला बांधा, वादळात उपडा डोंगाही उडतो.

समुद्रातल्या लाकडी नावेला पोखरणारे किडे असतात, ते आपल्या गोड्या पाण्यात जगत नाहीत. आपले शत्रू म्हणजे ऊन, साचलेलं पाणी आणि वाळवी. तिघांनाही घरच्या घरी आवरता येतं.

जाळी धुऊन सावलीत वाळवा. नायलॉनचा धागा उन्हानं कमजोर होतो. उंचावर टांगा, उंदीर पोचणार नाहीत अशा ठिकाणी.

बंदी उठली की घाई नको. लाकडी डोंगा आधी एक-दोन दिवस उथळ पाण्यात बांधून भिजू द्या, थोडं झिरपलं तर घाबरू नका. फळ्या फुगल्या की पाझर थांबायला हवा. मग गुडघाभर पाण्यात दोन माणसांच्या वजनाएवढी रेतीची पोती ठेवून तासभर बघा. आतला तळ कोरडा राहिला तरच पुढं न्या. आणि लाइफ जॅकेट घालून आधी काठाजवळ तरंगून बघा. जुनं जॅकेट कधी कधी नुसतंच शोभेचं असतं.

आता मामा दरवर्षी वात वळायला मलाच बसवतो, आणि फट गच्च भरली की टपली मारतो. तुमच्याकडं डोंगा कशानं बुजवतात? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूच!