पाण्यावांचून जलाशय



जपानी भाषेंत ‘कारेसान्सुई’ म्हणून एक शब्द आहे. ‘कोरडे डोंगर, कोरडें पाणी’ असा त्याचा भावार्थ. अशा उद्यानांत पाण्याचा थेंब नसतो. उभे दगड हेच डोंगर, आणि पांढऱ्या रेतीवर दंताळ्यानें ओढलेल्या रेघा ह्याच लाटा. क्योटो येथील र्‍योआन्‌जी मंदिराचें अंगण हा ह्या कलेचा प्रसिद्ध नमुना होय. तेथें अवघे १५ दगड आहेत. ओसरीवर कोठेंही बसा, एक तरी दगड दुसऱ्याआड दडलेला राहतो. बाकी सारी जागा मोकळी, आणि दृष्टि रमते ती ह्या मोकळ्या जागेंतच.

असें उद्यान घरांतल्या तबकांत उतरविण्याची हौस पुष्कळांना असते. र्‍योआन्‌जीला दगडांच्या पायथ्याशीं शेवाळें आहे. त्याला ओल हवी. ती घरांत राखणें कठीण, म्हणून त्याऐवजीं जाड, रसाळ पानांच्या वनस्पती घेतात. कोरफडीच्या कुळांतील चिमुकली हावर्थिया ह्या कामीं उत्तम. मुठीएवढ्या दगडाशेजारीं ती शोभते आणि खिडकीजवळच्या सौम्य उजेडांतही तग धरते. अशा वनस्पतींचीं पर्णरंध्रें बहुधा रात्रीं उघडतात. त्यामुळें दिवसाच्या उन्हांत पाणी फारसें उडून जात नाहीं.

परंतु घरांत त्या बहुधा मरतात त्या तहानेनें नव्हे, पाण्यानें. सुबक तबकाला पुष्कळदां तळाशीं भोंक नसतें. वरची रेती कोरडी दिसते, मालक कनवाळूपणानें पाणी घालतो, आणि खालीं मुळें कुजतात. रेघा मोडतात त्या वेगळ्याच. म्हणून झाड रेतींत लावूंच नये. निम्मी भरड वाळू मिसळलेल्या मातींत, भोंक असलेल्या लहानशा कुंडींत तें लावावें, आणि कुंडी दगडाआड रेतींत पुरावी. माती बोटाला पूर्ण कोरडी लागली, कीं कुंडी उचलून पाणी द्यावें, निथळूं द्यावें, मग परत ठेवावी. पावसाळ्यांत हें अंतर आणखी वाढवावें.

दगड तिसरा हिस्सा पुरावा, म्हणजे तो ठेवलेला न दिसतां भुईंतून वर आलेला दिसतो. तीन दगड, एक झाड; दोन म्हणजे चैन झाली! चिनी मातीचे पूल आणि बगळे दुकानांतच बरे. हावर्थियाला बाजूनें पिलें फुटतात. तीं वेळच्यावेळीं वेगळीं करावींत, नाहींतर डोंगरापेक्षां झुडूपच मोठें होऊन बसतें. रेघांसाठीं जुनी लाकडी फणी पुरते. प्रथम दगडांभोंवतीं वर्तुळें काढावींत, नंतर उरलेल्या जागेंत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेघा.