मजूर अड्ड्यावरचा एक दिवस

सकाळी ७ : पुण्यातल्या वारज्याचा मजूर अड्डा भरलाय. नांदेड, यवतमाळ, कलबुर्गीकडचे गवंडी आणि बिगारी, शेजारीच इथले रंगारी. बांधकाम कामगारांची नोंदणी करायची म्हणून माझा दिवस इथूनच सुरू होतो.

८.३० : टेम्पो थांबतो. इथला रंगारी ठरल्या रोजाखाली उतरत नाही. लातूरकडचं जोडपं शंभर रुपये कमी घेऊन गाडीत चढतं. चढता चढता बाई म्हणते, "ताई, खोलीवाला थांबत नाही."

१०.३० : अड्डा पांगतो. रंगारी घरी परततो. डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे, वाणी उधारी देतो. तो उद्यापर्यंत दम धरू शकतो.

१२ : इमारतीची साइट. मुकादमाने उचल देऊन आणलेली कुटुंबं आवारातच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. ठेकेदाराला तीच हवीत, कारण "इथली माणसं सणावाराला खाडे करतात." या कुटुंबांना काम रोज आहे, पण उचल फिटेपर्यंत ते सोडता येत नाही.

३ : नोंदणीचे अर्ज. कल्याणकारी मंडळाला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचा मालक रोज बदलतो, त्याने सही कुणाची आणायची? मग ग्रामपंचायत नाहीतर महापालिका, आणि त्या हेलपाट्यांत एकेका दिवसाचा रोज बुडतो.

५.३० : वस्तीतला पदवीधर मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. घरचे जेवू घालतात म्हणून मनासारख्या नोकरीसाठी तो थांबलाय. काम शोधतोय असं सांगितलं, तर सरकारी पाहणीत त्याची नोंद बेरोजगार म्हणून होते.

रात्री ८ : वही लिहायला घेते. सरकारी श्रमबल सर्वेक्षणात साप्ताहिक स्थिती मोजताना आठवड्यात कुठल्याही दिवशी तासभर काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. म्हणजे सहा दिवस अड्ड्यावरून रिकाम्या हाताने परतलेला बिगारीसुद्धा कामावरच! आणि काम पार आटलं की तो गावी जातो, शहराच्या हिशेबातून गळतो. २०२० च्या टाळेबंदीत हे साऱ्या देशाने पाहिलं.

म्हणून स्थलांतरितांमध्ये बेरोजगारी कमी दिसली की "बाहेरचे कष्टाळू, इथले आळशी" असं म्हणणं दोघांवरही अन्याय आहे. ज्याला बेकार राहणं परवडतं, तोच बेकार म्हणून मोजला जातो. माझ्या वहीत मी प्रत्येकाचे भरलेले दिवस, रिकामे गेलेले दिवस आणि हातात पडलेला रोज वेगवेगळा लिहिते. सरकारनेही अड्ड्यावर येऊन हेच मोजावं, आणि ९० दिवसांचा दाखला तिथेच द्यावा.