हकलबरी फिन

ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन (म. शी. हकलबरी फिनची साहसे) : मार्क ट्वेन (मूळ नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स, १८३५–१९१०) ह्या अमेरिकन कादंबरीकाराची श्रेष्ठ कादंबरी. इंग्लंड व कॅनडा येथे डिसेंबर १८८४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. द ॲडव्हेंचर्स ऑफ टॉम सॉयर (१८७६) ह्या ट्वेनच्या आधीच्या कादंबरीतील हक हा पोरका म्हणावा असा मुलगा येथे नायक आणि निवेदक झाला आहे. लेखनास १८७६ मध्ये प्रारंभ झाला. तथापि मध्ये दीर्घ खंड पडून १८८३ मध्ये ते पूर्ण झाले. ट्वेनचे बालपण मिसूरी राज्यातील हॅनिबल ह्या मिसिसिपीकाठच्या गावी गेले आणि तरुणपणी त्याने ह्या नदीवरील आगबोटींवर सुकाणूधारकाचे काम केले. नदीचे सूक्ष्म ज्ञान कादंबरीत पदोपदी जाणवते.

कथेचा काळ अमेरिकन यादवी युद्धापूर्वीचा, म्हणजे गुलामगिरी कायदेशीर असतानाचा आहे. दारुड्या व क्रूर बापाच्या कैदेतून सुटण्यासाठी हक स्वतःच्या खुनाचा देखावा निर्माण करतो आणि जॅक्सन बेटावर आश्रय घेतो. तेथे त्याला जिम भेटतो. मिस वॉटसन ही मालकीण आपल्याला न्यू ऑर्लीन्सच्या बाजूला विकणार, हे कानी पडल्यामुळे जिम पळालेला असतो. दोघे तराफ्यावरून निघतात. कैरो येथे ओहायओ नदी मिसिसिपीस मिळते. तेथून ओहायओच्या मार्गाने गुलामगिरी नसलेल्या राज्यांत जावे, असा त्यांचा बेत असतो. परंतु दाट धुक्यात कैरो मागे पडते आणि प्रवाह त्यांना दक्षिणेकडे नेऊ लागतो. जिमची मुक्ततेकडची वाटचाल अशा रीतीने गुलामगिरीच्या अंतर्भागात जाऊन पोहोचते. कादंबरीच्या रचनेतील मूलभूत उपरोध तो हाच.

तराफा आणि काठ ह्यांच्यातील विरोध हे ह्या कादंबरीचे महत्त्वाचे आशयसूत्र होय. काठावरील समाज सुसंस्कृत म्हणवितो. पण तेथे ग्रँजरफर्ड व शेफर्डसन ही खानदानी कुटुंबे मूळ कारणही धड न आठवणाऱ्या वैरापायी एकमेकांची मुले मारतात. कर्नल शेरबर्न एका मद्यप्याला भर रस्त्यात गोळी घालतो. ‘राजा’ व ‘ड्यूक’ अशी बिरुदे लावणारे दोन भामटे मृताच्या मुलींना लुबाडण्याचा घाट घालतात. ह्याउलट तराफ्यावर दोन माणसे एकमेकांच्या विश्वासावर जगतात. हे आश्रयस्थान मात्र अभेद्य नाही : आगबोट त्यावर आदळते, भामटे त्याचा ताबा घेतात.

हकच्या मनातील द्वंद्व हा कादंबरीचा गाभा आहे. पळालेल्या गुलामास साहाय्य करणे म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची चोरी आणि पाप, हेच त्याला लहानपणापासून शिकविण्यात आलेले आहे. भामटे जिमला चाळीस डॉलरांना विकतात, तेव्हा त्याचा ठावठिकाणा कळविणारे पत्र हक मिस वॉटसनला लिहितो. पत्र लिहून त्याला पापमुक्त झाल्यासारखे वाटते. मग प्रवासातील जिम त्याला आठवू लागतो : हकची झोप मोडू नये म्हणून त्याचाही पहारा करणारा, त्याला मित्र म्हणणारा. तो पत्र फाडून टाकतो आणि नरकात जाण्याची तयारी करतो. आपण सत्कृत्य करीत आहोत, हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही. ते वाचकाला उमगते. सदसद्विवेकबुद्धी हीदेखील समाजाने घडविलेली, म्हणूनच विकृत असू शकते, हा विचार ट्वेनने उपदेशाचा एकही शब्द न वापरता येथे प्रत्ययास आणून दिला आहे.

जिम आरंभी भोळा व अंधश्रद्ध वाटतो. पुढे त्याची प्रतिष्ठा उलगडत जाते. धुक्यातील ताटातुटीनंतर हक त्याची थट्टा करतो, तेव्हा जिम त्याला कठोर शब्दांत सुनावतो आणि हक त्याची क्षमा मागतो. आज्ञा न ऐकल्याबद्दल आपण मारलेली लहानगी मुलगी आजारपणामुळे बहिरी झाली होती, हे कळल्यावर झालेले दुःख जिम सांगतो. त्या प्रसंगी त्याच्यातील पिता दिसतो.

शेवटच्या प्रकरणांबाबत समीक्षकांत तीव्र मतभेद आहेत. मिस वॉटसनने मृत्युपत्राद्वारे जिमला मुक्त केले आहे, हे ठाऊक असूनही टॉम सॉयर ते लपवितो आणि केवळ साहसाच्या हौसेखातर सुटकेचे नाटक रचतो. टी. एस. एलियट ह्याने १९५० मध्ये ह्या शेवटाचे समर्थन केले. लिओ मार्क्स ह्याने १९५३ मध्ये त्यास उत्तर देताना तो कादंबरीच्या नैतिक आशयाशी विसंगत ठरविला. मुक्त माणसाला पुन्हा मुक्त करण्याच्या ह्या खेळात, १८६५ नंतर कायद्याने मुक्त होऊनही समतेपासून वंचित राहिलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीचे प्रतिबिंब काही अभ्यासकांना दिसते.

बोलीतून केलेले निवेदन हे ह्या कादंबरीचे वाङ्‌मयीन वैशिष्ट्य. अशिक्षित मुलाची भाषा विनोदापुरती न वापरता संपूर्ण कादंबरीचे माध्यम करून ट्वेनने अमेरिकन गद्यास नवे वळण दिले. अर्नेस्ट हेमिंग्वे ह्याने १९३५ मध्ये आधुनिक अमेरिकन साहित्याचा उगम ह्याच पुस्तकात पाहिला. मॅसॅचूसेट्‌समधील काँकर्डच्या ग्रंथालयाने मात्र १८८५ मध्येच असभ्यतेच्या कारणावरून ते वर्ज्य ठरविले होते. पुढे आक्षेपांचे स्वरूप पालटले : कृष्णवर्णीयांविषयीच्या अवमानकारक शब्दाचा वारंवार वापर आणि जिमचे काही ठिकाणी विदूषकी चित्रण हे वादाचे विषय झाले. २०११ मध्ये तो शब्द बदललेली आवृत्ती निघाली, तेव्हा वाद पुन्हा उफाळला. पर्सिव्हल एव्हरेट ह्या कृष्णवर्णीय कादंबरीकाराने जेम्स (२०२४) ह्या कादंबरीत हीच कथा जिमच्या मुखातून सांगितली व तीस २०२५ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. हकने ज्याच्यासाठी नरक पतकरला, त्याला ह्या प्रवासाविषयी काय वाटले असेल, हा मूळ कादंबरीत अनुत्तरित राहिलेला प्रश्न तीमुळे केंद्रस्थानी आला.