पंधरवड्याचा संसार

मेलबर्न : रिझर्व्ह बँक ऑफ ऑस्ट्रेलियाचा व्याजदराचा निर्णय मंगळवारी दुपारी अडीच वाजता जाहीर होतो, वर्षातून आठ वेळा. त्या दुपारी इथल्या ऑफिसांत आणि हॉस्पिटलांच्या चहाच्या खोल्यांत माणसं फोनकडे डोळे लावून असतात. कारण साधं आहे. इथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजदराची असतात. स्थिर दर घेतला तरी तो दोन-तीन वर्षांपुरता, फार तर पाच. अमेरिकेसारखा तीस वर्षांसाठी बांधलेला दर इथे मिळत नाही. आपल्याकडे दर वाढला की बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते. इथे मुदत जागची हलत नाही, हप्ताच वाढतो आणि पुढच्याच महिन्या-दीड महिन्यात खात्यातून वळता होऊ लागतो.

मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या दीड वर्षात हा मूळ दर तेरा वेळा वाढला, ०.१० टक्क्यावरून ४.३५ टक्क्यांवर गेला. पाच लाख डॉलरचं तीस वर्षांचं कर्ज अडीच टक्क्यांनी घेतलं असेल, तर महिन्याचा हप्ता १,९७५ डॉलरच्या आसपास बसतो. तेच कर्ज सव्वासहा टक्क्यांनी ३,०८० डॉलरवर जातं. महिन्याला अकराशे डॉलरचा फरक! नवरा-बायको दोघं कमावत असतील तर बाहेरचं जेवण बंद होतं, भारतवारी पुढे ढकलली जाते आणि तोंडमिळवणी होते. एकाच पगाराच्या घरात तेवढी कात्री लावायला मुळात जागाच नसते. २०२५ मध्ये फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टमध्ये दर उतरला आणि ३.६० वर आला. श्वास घ्यायला थोडी उसंत मिळाली, पण जुना हप्ता काही परत आला नाही.

२०२१ च्या जनगणनेनुसार या देशात दहा लाखांहून अधिक एकपालक कुटुंबं आहेत, एकूण कुटुंबांच्या १५.९ टक्के. बहुतांश घरं आईची. त्यांत मराठी घरंही आहेत, आणि आपल्या लोकांत त्यांच्याबद्दल फार दबक्या आवाजात बोललं जातं म्हणून हे पत्र मुद्दाम त्यांच्यावर लिहितो आहे. गेल्या काही वर्षांत अशा घरांचे हिशोब जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की इथे एकट्या पालकाचं घर टिकतं की हातचं जातं, हे पगाराच्या आकड्याइतकंच तारखांवर ठरतं. पगाराची तारीख, मुलाचा वाढदिवस, वेगळं राहायला लागल्याचा दिवस, मूल कोणत्या रात्री कुणाकडे झोपलं, हे सगळं कुठल्या ना कुठल्या कायद्यात मोजलं जातं. ज्या बाईला हे कॅलेंडर पाठ आहे, ती कमी पगारातही निभावून नेते. जिला ते कुणी सांगितलंच नाही, ती चांगल्या पगारातही अडकते.

सुरुवात घर मोडण्यापासूनच होते. १९७५ च्या फॅमिली लॉ ॲक्टमुळे इथे घटस्फोटासाठी कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. बारा महिने वेगळं राहिल्याचं दाखवलं की अर्ज करता येतो. पण घटस्फोट आणि मालमत्तेची वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटस्फोटाचा हुकूम लागू झाला की वाटणीच्या अर्जासाठी बारा महिन्यांची मुदत सुरू होते. ती उलटली तर कोर्टाची खास परवानगी मागावी लागते. आणि कर्ज? ते दोघांच्या नावावर असेल तर बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकते. घरात कोण राहतंय, मुलं कोण सांभाळतंय, याच्याशी तिला कर्तव्य नाही. शिवाय बऱ्याच कर्जांत जास्तीचे भरलेले पैसे परत काढायची सोय असते, तिला रीड्रॉ म्हणतात. दोघांपैकी कुणीही एकट्याने ते काढू शकतं. म्हणून वेगळं व्हायचं ठरलं, की वकिलाच्याही आधी बँकेला कळवून ‘दोघांच्या सहीशिवाय पैसे निघू नयेत’ अशी नोंद करून घ्यावी. हे मी ज्यांना ज्यांना सांगतो, त्यांतल्या निम्म्याजणींना ते पहिल्यांदाच कळतं.

मग घर आपल्या एकटीच्या नावावर करून घ्यायचं, म्हणजे नवं कर्ज घेऊन जुनं फेडायचं. व्हिक्टोरिया राज्यात अशा वाटणीत घराच्या हस्तांतरावर स्टॅम्प ड्युटी माफ असते, हा मोठाच आधार. खरी परीक्षा बँकेची. नियामक संस्था ‘ॲप्रा’चा नियम असा, की प्रत्यक्ष दरापेक्षा तीन टक्के जास्त दराने हप्ता झेपेल का, हे बँकेने तपासायचं. दर सहा असेल तर नऊ टक्क्यांचा हिशोब. इथल्या टार्नीट उपनगरातली माझी एक मैत्रीण, मूळची नाशिककडची, वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. नवरा निघून गेल्यावर ती दोन वर्षं एकटी पूर्ण हप्ता भरत होती, एकही चुकला नाही. तरी बँकेच्या गणितात ती ‘न झेपणारी’ ठरली. जो हप्ता ती भरतेच आहे, तो तिला परवडणार नाही असं सांगणारा हा नियम सरासरी कर्जदारासाठी शहाणपणाचा असेल. तिच्यासाठी तो अन्यायाचा आहे. शेवटी तिने दुसरीकडे अर्ज करून, शिफ्ट वाढवून, सहा महिन्यांच्या पगारपावत्या जमा करून ते काम तडीस नेलं.

तिच्या फ्रिजवर एक मोठा कागद चिकटवलेला असतो. त्यावर बारा रकाने नाहीत, सव्वीस आहेत. ऑस्ट्रेलियात पगार बऱ्याच ठिकाणी पंधरवड्याने होतो आणि सरकारी मदतही पंधरवड्यानेच येते. पण वीज, गॅस, पाणी यांची बिलं महिन्याने किंवा तिमाहीने. नगरपालिकेचा कर, ज्याला इथे ‘काउन्सिल रेट्स’ म्हणतात, तो सप्टेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मेअखेर असा चार हप्त्यांत. गाडीचा इन्शुरन्स वर्षाने. आवक एका तालावर आणि जावक दुसऱ्याच. ती काय करते, तर वर्षाचं प्रत्येक बिल २६ ने भागते आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला काढते. विजेच्या कंपनीला सांगून बिलही पंधरवड्याच्या सारख्या हप्त्यांवर आणून घेतलंय.

हप्त्याचंही तसंच. महिन्याच्या हप्त्याचा अर्धा भाग दर पंधरवड्याला भरला, तर वर्षात २६ अर्धे, म्हणजे तेरा पूर्ण हप्ते जातात. वरच्या पाच लाखांच्या उदाहरणात, सव्वासहा टक्क्यांनी, एवढ्यानेच तीस वर्षांचं कर्ज पाच वर्षांहून जास्त आधी फिटतं. पण इथे एक खाच आहे. काही बँका वर्षाची रक्कम २६ ने भागून पंधरवड्याचा हप्ता ठरवतात. त्यात तेरावा हप्ता जातच नाही आणि माणूस मात्र आपण लवकर कर्ज फेडतोय या समजात राहतो. पंधरवड्याचा आकडा महिन्याच्या आकड्याच्या बरोबर अर्धा आहे ना, एवढं प्रत्येकाने आपल्या स्टेटमेंटवर पाहावं.

ऑफसेट अकाउंट ही इथली मला सर्वांत उपयोगाची वाटलेली सोय. कर्जाला जोडलेलं हे साधं बचत खातं असतं. त्यात जेवढे पैसे पडून असतील, तेवढ्या मुद्दलावर व्याज लागत नाही, आणि हा हिशोब रोजच्या रोज होतो. वीस हजार डॉलर तिथे असले, तर सहा टक्क्यांनी वर्षाला बाराशे डॉलर व्याज वाचतं. बचत खात्यातल्या व्याजावर कर लागतो, या वाचलेल्या व्याजावर तो लागत नाही. आणि पैसे आपल्याच हातात राहतात, हे एकट्या आईच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं. जास्तीचे पैसे कर्जात भरून टाकले आणि उद्या नोकरी गेली, तर बँकेच्या अटींवर ते परत मागावे लागतात. ऑफसेटमधले थेट काढता येतात. माझी मैत्रीण पगार तिथेच जमा करून घेते आणि बाजूला काढलेली बिलांची रक्कमही तिथेच ठेवते. बिल भरायची तारीख येईपर्यंत ते पैसे तिचं व्याज कमी करत राहतात.

मुलांच्या खर्चाचा वाटा ठरवणारी सरकारी यंत्रणा १९८८ पासून आहे. दोघांची मिळकत आणि मुलं कुणाकडे किती रात्री राहतात, यावरून रक्कम निघते. वर्षात ५२ रात्री मूल ज्याच्याकडे राहिलं, त्याने २४ टक्के खर्च प्रत्यक्ष सांभाळण्यातून उचलला असं धरलं जातं. एक रात्र कमी भरली तर शून्य. त्यामुळे रात्रींची नोंद नीट ठेवावीच लागते, कितीही नकोसं वाटलं तरी. दुसरा धोका जास्त गंभीर आहे. ही रक्कम आपसांत घ्यायची असं ठरवलं, की आईला सरकारकडून मिळणाऱ्या कौटुंबिक भत्त्याचा हिशोब करताना ती पूर्ण मिळालीच असं गृहीत धरतात. समोरच्याने दिली नाही तरी भत्ता कापला जातो. सरकारी यंत्रणेमार्फत वसुली असेल, तर प्रत्यक्ष मिळालेली रक्कम धरतात. कॉमनवेल्थ ओम्बुड्समनने २०२५ मध्ये याच व्यवस्थेतून होणाऱ्या आर्थिक छळावर अहवाल दिला. आपल्या बायका ‘त्यांच्या तोंडी कोण लागणार’ म्हणून आपसांतच ठेवतात आणि दोन्हीकडून नुकसान सोसतात.

भत्त्याचाही एक फेरा आहे. वर्षाच्या सुरुवातीला मिळकतीचा अंदाज द्यायचा आणि ३० जूननंतर खरा आकडा आला की हिशोब मिटवायचा. जास्त शिफ्ट केल्या, अंदाज ओलांडला, की सरकार दिलेले पैसे परत मागतं. म्हणून नर्सेसनी अंदाज थोडा चढाच द्यावा. जास्त कापलं गेलं तर वर्षाअखेर ते परत मिळतं. भाड्याने राहणाऱ्यांना मिळणारी सरकारी भाडेमदत गृहकर्ज फेडणाऱ्यांना मिळत नाही, हेही इथे येऊन राहणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

ज्यांना नव्याने घर घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी २०२१ पासून एक चांगली योजना आहे. एकट्या पालकाने घराच्या किमतीच्या फक्त दोन टक्के भरायचे, १८ टक्क्यांपर्यंतची हमी सरकार घेतं. त्यामुळे वीस टक्क्यांहून कमी रक्कम भरणाऱ्यांना लागणारा कर्जविम्याचा हजारो डॉलरचा खर्च वाचतो. पूर्वी कधी घर होतं म्हणून दार बंद होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून मिळकतीची आणि लाभार्थींच्या संख्येची मर्यादाही काढली आहे. मेलबर्नमध्ये साडेनऊ लाखांपर्यंतचं घर चालतं. मात्र ९८ टक्के कर्ज म्हणजे हप्ता तेवढाच मोठा. हमी बँकेला असते, हप्त्याला नसते.

पैशांइतकाच वेळेचाही हिशोब असतो. शाळा सुटते साडेतीनला. नंतरच्या आफ्टर-स्कूल केअरचे, जानेवारीतल्या उन्हाळी सुट्टीतल्या केअरचे पैसे मोजावे लागतात. सरकार मिळकतीप्रमाणे सवलत देतं, पण संध्याकाळच्या आणि रात्रीच्या शिफ्टला ती व्यवस्था नसते. आपल्याकडच्या आजी-आजोबांना व्हिजिटर व्हिसावर बोलावून मराठी घरं हा प्रश्न सोडवतात. माझ्या मैत्रिणीची आई दर हिवाळ्यात येते. त्या महिन्यांत ती रात्रीच्या शिफ्ट घेते आणि वाढीव पैसे सरळ ऑफसेटला जातात.

हप्ता चुकणार असं दिसलं, तर चुकायच्या आधी बँकेला ‘हार्डशिप’ म्हणून कळवावं. कायद्याने बँकेला त्याचा विचार करून ठरावीक दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ऐकलं नाही तर एएफसीए या तंटानिवारण संस्थेकडे फुकट तक्रार करता येते. नॅशनल डेट हेल्पलाइनचे (१८०० ००७ ००७) समुपदेशक एक पैसा न घेता बँकेशी बोलणी करून देतात. मेहुण्याकडून, भिशीतून, क्रेडिट कार्डावरून हप्ता भरण्याआधी हा फोन करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एका तारखेबद्दल मात्र सरकारशी भांडण बाकी आहे. १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने एकट्या आयांसाठी वेगळा भत्ता सुरू केला, १९७७ मध्ये तो वडिलांनाही लागू झाला. धाकटं मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत तो मिळे. २००६ मध्ये हॉवर्ड सरकारने नव्या अर्जदारांसाठी ही मर्यादा आठवर आणली आणि २०१३ च्या जानेवारीत गिलार्ड सरकारने जुन्यांनाही तिच्यात ओढलं. मूल आठ वर्षांचं झालं की आई बेकारभत्त्यावर. पुढे सरकारनेच नेमलेल्या, सॅम मोस्टिन यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने सोळाची मर्यादा परत आणा असं सांगितलं. सरकारने सप्टेंबर २०२३ पासून ती चौदा केली. पंधरवड्याला १७६.९० डॉलरचा फरक पडला आणि कितीतरी घरं सावरली. पण चौदाव्या वर्षी मूल नववीत जातं. लॅपटॉप, बूट, सहली, शिकवणी यांचा खर्च तिथूनच वाढतो, आणि हप्ता होता तेवढाच राहतो. ज्या समितीला सरकारने सल्ला विचारला, तिने सोळा सांगितलं होतं. उरलेली दोन वर्षं या आयांना परत द्यायला हवीत.