जुन्या वास्तूंचा श्वास

ब्राझील देशांतील रिओ दि जानेरो शहरीं २ सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं तेथील राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. एके काळीं पोर्तुगालच्या राजाचा व पुढें ब्राझीलच्या सम्राटांचा वाडा असलेली ही वास्तु एका रात्रींत आंतून जळून गेली, आणि २०० वर्षें जमविलेल्या सुमारें २ कोटि वस्तूंपैकीं बहुतेक नष्ट झाल्या. पुढें पोलिसांच्या तज्ज्ञांनीं शोध घेतला, तेव्हां आगीचा उगम तळमजल्यावरील सभागृहांतील एका वातानुकूलन यंत्रांत असल्याचें आढळून आलें. तेथील प्रत्येक यंत्राला स्वतंत्र सुरक्षा-खटकाहि नव्हता. राजवाड्याला गारवा देण्यासाठीं जें आणलें, त्यानेंच त्याची राख केली.

हा केवळ अपघात म्हणून सोडून देतां आला असता. परंतु त्याच्या मुळाशीं असलेली चूक जगांत सर्वत्र होते. जुन्या इमारतीला नवें काम द्यावयाचें म्हटलें कीं वीज, पाणी, सांडपाण्याचे नळ, अग्निशमन, ऊन किंवा थंड हवा या सर्व सोयी तींत आणाव्या लागतात. बहुधा त्या बाहेरून आणून चिकटविल्या जातात. छिन्नीनें भिंतींत चर पाडावे, नक्षीदार तुळयांखालीं खोटें छत टांगावें, खिडकीची चौकट कापून तींत यंत्र बसवावें, अशी ही रीत आहे. दुसरा मार्ग याहून सोपा. ‘या इमारतींत आधुनिक सोयी होणें शक्य नाहीं’ असा दाखला घ्यावा आणि ती पाडावी! पाडणाऱ्यांच्या हिशेबांत एक रक्कम मात्र कधींच धरलेली नसते. त्या इमारतीच्या विटा भाजण्यांत, चुना पोळण्यांत व दगड वाहून आणण्यांत जी शक्ति खर्ची पडली ती वायां जाते, आणि नव्या सिमेंट-लोखंडासाठीं भट्ट्या पुन्हा पेटवाव्या लागतात.

दोन्ही मार्गांत एकच समजूत दडलेली असते. वीज येण्यापूर्वींची इमारत म्हणजे निव्वळ कवच, तिच्या आंत हवापाण्याची कांहीं योजना नाहीं, ती ही समजूत होय. ती खरी नाहीं. इंग्लंडांत लिव्हरपूल येथें सेंट जॉर्ज हॉल हें भव्य सभागृह १८५४ सालीं उघडलें. त्याचा आराखडा हार्वे लॉन्सडेल एल्म्स या तरुण वास्तुशिल्पज्ञाचा. परंतु त्यांत हवा खेळविण्याची योजना एडिंबरोचे रसायनशास्त्राचे अध्यापक डेव्हिड बॉसवेल रीड यांची होती. बाहेरची हवा तळघरांत ओढून घ्यावयाची, वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या पंख्यांनीं ती पुढें ढकलावयाची, हिंवाळ्यांत गरम पाण्याच्या नळांवरून नेऊन ऊन करावयाची, उन्हाळ्यांत पाण्याच्या फवाऱ्यानें निववावयाची, आणि मग जागोजागच्या झरोक्यांतून सभागृहांत सोडावयाची, अशी ही व्यवस्था होती. कोणत्या दालनाला किती हवा द्यावयाची हें तळघरांतील नोकर कापडी झडपा उघडून-मिटून ठरवीत. एडिसनचा दिवा पेटण्यास त्या वेळीं अद्याप २५ वर्षें होतीं.

अशा जुन्या योजनेला नवें काम कसें देतां येतें, हें बर्लिनच्या राइशटागमध्यें, म्हणजे जर्मन संसदेच्या भवनांत, पाहावयास मिळतें. पॉल वालोट यानें बांधलेलें हें भवन १८९४ सालीं पुरें झालें. १९३३ सालीं तें जळलें, १९४५ च्या लढाईंत त्याच्या चिंधड्या उडाल्या, आणि १९५४ सालीं त्याचा मोडका घुमटहि पाडण्यांत आला. १९६० नंतरच्या दशकांत त्याची डागडुजी झाली. जुन्या भिंती नव्या तक्तपोशीखालीं झांकल्या गेल्या व हवा-उष्णतेसाठीं नवी यंत्रें बसलीं. तीं इतकीं खादाड निघालीं कीं भवनामुळें वर्षाकाठीं सुमारें ७,००० टन कार्बन डायऑक्साइड हवेंत जाई. जर्मनीचें एकीकरण झाल्यावर १९९१ सालीं संसदेनें बर्लिनला परतण्याचा ठराव केला, आणि भवनाच्या पुनर्रचनेचें काम इंग्रज वास्तुशिल्पज्ञ नॉर्मन फॉस्टर यांच्याकडे आलें.

झांकलेल्या भिंती उघड्या केल्यावर सोव्हिएट सैनिकांनीं १९४५ सालीं कोळशानें लिहिलेलीं नांवें दिसलीं. तीं तशींच राखण्यांत आलीं. परंतु यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें महत्त्वाचे ठरले ते वालोटच्या काळचे हवेचे मार्ग. ते पुन्हा उपयोगांत घेण्यांत आले. पश्चिमेकडील देवडीच्या वरून बाहेरची हवा घेतली जाते, ती सभागृहाच्या जमिनीखालीं उतरते, आणि तेथून अगदीं मंद गतीनें वर येते. येथें एक साधा नियम उपयोगी पडतो. बसलेला माणूस सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे ६०० सभासद जमले कीं ६०,००० वॅटची शेगडीच पेटली. (भाषणांची ऊब यांत धरलेली नाहीं.) ही उष्णता खालच्या ताज्या हवेला तापविते, तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर चढते, आणि छताच्या मध्यभागीं असलेल्या मोठ्या शंकूच्या पोटांतून बाहेर पडते. जातां जातां तिची ऊब काढून घेतली जाते. वरून गार हवेचा झोत मारणाऱ्या यंत्राला या चढत्या हवेशीं सतत झगडावें लागतें; येथें तीच चढती हवा काम करते. शंकूच्या अंगावर ३६० आरसे आहेत. ते आकाशाचा उजेड खालीं सभागृहांत पाठवितात, आणि सूर्याबरोबर फिरणारा एक पडदा प्रत्यक्ष ऊन अडवितो.

सर्वांत विलक्षण भाग जमिनीखालीं आहे. वीज निर्माण करणारीं इंजिनें सरसूच्या जातीच्या बियांपासून काढलेल्या तेलावर चालविण्याची योजना झाली. इंजिनांतून निघणारी उष्णता उन्हाळ्यांत वायां जावयाची. ती पाण्यांत घेऊन सुमारें ३०० मीटर खोल असलेल्या पाणथरांत सांठविली जाते व हिंवाळ्यांत परत वर काढली जाते. त्याचप्रमाणें सुमारें ६० मीटर खोलीवरील दुसऱ्या थरांत थंडीचा गारवा उन्हाळ्यासाठीं राखला जातो. मराठी घरांत उन्हाळ्यांत पापड-कुरडया करून पावसाळ्याची बेगमी करतात, तशीच ही ऋतूंची बेगमी म्हणावयाची. या सर्वांमुळें कार्बन डायऑक्साइडमध्यें शेंकडा ९४ घट होईल, असा आराखडा करणाऱ्यांचा हिशेब होता. त्यांत तेलाचा वांटा मोठा आहे, आणि तेलबिया पिकविण्यास जमीन व खत लागतें, हें विसरून चालणार नाहीं. म्हणून आंकड्यापेक्षां कामाचा क्रम अधिक मोलाचा आहे. जुनी भिंत काय करते तें आधीं पाहिलें, आणि तिला जें साधत नव्हतें तेवढेंच यंत्राकडे सोंपविलें.

मुंबईंत बर्लिनची नक्कल करून भागणार नाहीं. आंतली व बाहेरची हवा यांच्या उष्णतेंत जितका फरक अधिक, तितकी हवा जोरानें वर चढते. मुंबईच्या पावसाळ्यांत तर हा फरक फारच थोडा असतो. म्हणून तेथील जुन्या दगडी इमारती समुद्राच्या वाऱ्यावर विसंबतात. खोल व्हरांडे, उंच छतें, समोरासमोर खिडक्या आणि त्यांवर हवेसाठीं झरोके, ही त्यांची यंत्रसामग्री होय. अशा इमारतींत कचेरी थाटतांना प्रथम व्हरांड्याला कांच लागते, मग दालनांत लांकडी आडपडदे उभे राहतात, नंतर कोंदट होतें म्हणून वातानुकूलन येतें. थंड केलेल्या भिंतीवर कोंकणच्या दमट हवेंतील वाफ पाणी होऊन बसते. चुन्याची भिंत तें पाणी शोषून पुन्हा हवेला देऊं शकते. परंतु तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तेलरंग असला तर पाणी आंत कोंडतें, क्षार फुलतात, पुस्तकांना बुरशी येते. सायंकाळीं यंत्र बंद व सकाळीं पुन्हा चालू, या रोजच्या खेळांत सागवानी दारें फुगतात आणि आखडतात. ग्रंथालयाला कडाक्याची थंडी नको असते. त्याला कोरडेपणाची स्थिरता व खेळती हवा लागते. ती संथ पंखे, ओल शोषणारीं छोटीं यंत्रें आणि मोकळे केलेले झरोके यांनीं पुष्कळशी साधते. विजेच्या तारा भिंतींत न पुरतां उघड्या नळ्यांतून न्याव्या, त्यांचे खिळे दगडांत न मारतां सांध्यांतील चुन्यांत मारावे, म्हणजे उद्यां त्या काढतां येतात. आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचा खटका असावा.

घाटावर येतांच प्रकार निराळा होतो. पुण्याकडे उन्हाळ्यांतहि रात्र निवते, आणि जाड भिंतींचा वाडा या रात्रींवरच जगतो. रात्रीं दारें-खिडक्या उघड्या ठेवल्या कीं थंड हवा चौकांत उतरून भिंतींत मुरते. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं खिडक्या मिटल्या कीं ती दुपारपर्यंत पुरते. वाड्याला नवा उपयोग देणारे पुष्कळदां पावसाच्या भीतीनें चौकावर पत्रा टाकतात. त्यामुळें तापलेल्या हवेला वर जाण्यास वाट उरत नाहीं, रात्रींचा गारवा खालीं उतरत नाहीं, आणि माजघरांतहि दिवसा दिवा लावावा लागतो. पत्रा उंच उचलून त्याच्या चारी बाजू मोकळ्या ठेवल्या, तर पाऊसहि अडतो आणि चौकहि चालू राहतो; त्याला खर्च येतो तो चार खांब अधिक उंच करण्याचा.