ऑफिस घरात आले, भाडे कोण देणार?

2020 च्या टाळेबंदीत हिंजवडीच्या कंपन्यांतली आमची पोरे लॅपटॉप घेऊन बारामती-इंदापूरला परतली. ऑफिस घरात आले. पण घर कसले? बंगल्यात वेगळी खोली असलेला साहेब आणि दोन खोल्यांत सहा माणसांसोबत राहणारा वस्तीवरचा इंजिनिअर, दोघांनाही ‘घरून काम’ हा एकच शब्द लावला गेला. जागा, वीज, इंटरनेट यांचा खर्च कंपनीच्या हिशेबातून निघाला आणि नोकरदाराच्या खिशावर बसला.

तरीही आम्ही पूर्णवेळ घरून कामाच्या बाजूचे आहोत. पुण्यात आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक ज्यांनी पाहिलेत, त्यांना कारण सांगायला नको. शिवाय लेकुरवाळ्या पोरीची नोकरी टिकते. 2017 च्या कायदा दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेनंतर घरून कामाची सोय ठेवली. अर्थात मालक राजी असेल तर!

कंपन्यांचे म्हणणेही अगदीच खोटे नाही. नवखा माणूस जाणत्याच्या शेजारी बसून शिकतो, ते पडद्यावर येत नाही. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावले. इन्फोसिसने मार्च 2025 पासून बऱ्याच कर्मचाऱ्यांना महिन्यातून किमान दहा दिवस हजेरी लावली. हाच तो ‘हायब्रिड’. पुणेकराला तो सुखाचा. पण बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूर त्याहून लांब, हिंजवडी आणखी पुढे. दहा दिवसांसाठी खोली महिन्याचीच घ्यावी लागते. भाडे तिकडे, वीजबिल इकडे!

(वालचंदनगरच्या कारखान्यातला कामगार, फडातला ऊसतोड्या, नगरपालिकेचा सफाई कामगार यांना यातला कुठलाच पर्याय नाही, हेही ध्यानात असू द्यावे.)

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. कारखान्याला भोंगा होता. घरातल्या ऑफिसला भोंगा नाही. रात्री अकराला साहेबाचा फोन येतो. कामाची वेळ संपल्यावर तो न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर 2018 मध्ये लोकसभेत मांडले, डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्याला 1970 नंतर मुहूर्त लागलेला नाही. तेव्हा हजेरीचे दिवस, वीज-इंटरनेटचा भत्ता आणि फोन बंद करण्याची वेळ नेमणूकपत्रातच लिहून मागावी लागेल. तीही एकट्यादुकट्याने नव्हे, संघटनेच्या लेटरहेडवर.