गोळी तीच, स्फटिक वेगळा

जुलैतली गोष्ट. बारा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई ओपीडीत आली. कार्बामाझेपिन सुरू केल्यापासून सात महिने फिट नव्हती. पंधरवड्यात तीन आल्या. "एकही गोळी चुकवली नाही हो डॉक्टर," ती सांगत होती. असं बहुतेक पालक सांगतात, म्हणून मी गोळ्या दाखवायला सांगितल्या. तिनं प्लास्टिकची डबी काढली. रोज पाकीट फाडायला नको म्हणून सगळ्या गोळ्या सोलून त्यात भरलेल्या. झाकण हरवलेलं. डबी ठेवायची जागा माठाशेजारची फळी. एक गोळी मोडून पाहिली, तर खड्यासारखी टणक.

गोळीतलं औषध म्हणजे स्फटिकांची भुकटी. रेणू तेच असले, तरी ते एकमेकांशेजारी कसे रचले जातात यावर ते पोटात किती विरघळतील हे ठरतं. कार्बामाझेपिनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आहेत. त्यातल्या एकाला चिकटलेले हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला धरून ठेवतात आणि कोरडा स्फटिक उभा राहतो. दमट हवेत पाणी मध्ये शिरतं. औषधाच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन, असा नवाच स्फटिक बनतो. तो कमी विरघळतो. औषध नासलेलं नसतं, मुदतही संपलेली नसते. रक्तात मात्र कमी पोहोचतं. दमट जागी ठेवलेल्या या गोळ्यांचा एक तृतीयांशापर्यंत परिणाम जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९० मध्येच दिला होता.

कारखान्यालाही हे चुकलेलं नाही. एचआयव्हीवरचं रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याचा कमी विरघळणारा स्फटिक अचानक तयार होऊ लागला आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रेणूत काडीचाही बदल नव्हता.

या मुलाच्या फिट ओल्या गोळ्यांमुळेच आल्या, हे मी शपथेवर सांगणार नाही. जागरण, ताप हीदेखील कारणं असतात. पण डोस न वाढवता आधी नव्या गोळ्या दिल्या, पाकिटातच ठेवायच्या आणि न्हाणीघर, माठ, फ्रिज यांपासून लांब, असं सांगून. (फिटची गोळी टणक वाटली म्हणून परस्पर बंद करू नका, घेऊन या, बदलून घ्या.) ऑगस्टमध्ये आई आली, तेव्हा फिट नव्हती. डबी माझ्याच टेबलावर राहिली आहे, टाचण्या ठेवायला.